पाऊल पुन्हा येतं तेव्हा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते त्या बाईंनी जन्मभर कथक शिकवलं. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून युरोपातल्या बॅलेबद्दल बोलायचं ठरवलं तेव्हा समितीतल्या एक-दोघांच्या भुवया वर गेल्या असतील, तर त्यात त्यांची चूक नाही. पण तोडा बिनचूक आला म्हणून बाई कधी खूश होत नसत, असं त्यांच्या विद्यार्थिनी सांगतात. हे झालं नाचणं, आता कोण नाचतंय ते दिसू दे, असा त्यांचा हट्ट असे. आज मी बॅलेला तेच विचारणार आहे. नाचणारं माणूस कोण आहे हे त्याच्या नाचण्यातूनच कसं कळतं? आणि तोंडातून अवाक्षर न काढता दोन-अडीच तासांची गोष्ट प्रेक्षकापर्यंत पोचते ती कशी?

आपल्याला हा प्रश्न जरा जास्तच टोचतो, कारण आपल्याकडे अभिनयाला शब्दाची सोबत असते. ठुमरीवर भाव करणारी नर्तकी असो की बैठकीच्या लावणीवर अदा करणारी कलावंत, ओळ गायली जात असते. त्या एकाच ओळीचे निरनिराळे अर्थ डोळ्यांनी, भुवईनं, मानेच्या एका झटक्यानं खुलवले जातात. एकटी बाई राधा होते, सखी होते, वाट अडवणारा कृष्णही होते. बॅलेकडे यातलं जवळजवळ काहीच नाही. वाद्यवृंद आहे, पण गाणारं कुणी नाही. नर्तकी सहसा एका प्रयोगात एकच भूमिका करते. डोळ्यांवर विसंबावं, तर पॅरिसच्या किंवा सेंट पीटर्सबर्गच्या भल्यामोठ्या नाट्यगृहात वरच्या सज्ज्यात बसलेल्याला डोळे दिसतच नाहीत. त्याला दिसते फक्त आकृती: पाय, पाठ, मान, हात.

बरं, ही आकृती तरी ज्याची त्याची वेगळी असावी! तीही नाही. पायांच्या पाच मूळ स्थिती, खुब्यापासून बाहेर वळवलेले पाय, ताणलेला चवडा आणि फ्रेंच नावांची ठरलेली पावलं, एवढी सामाईक पुंजी. राजकन्या, शेतकऱ्याची पोर, भूत, हंस, सगळ्यांना त्यातूनच खर्च करायचा. एका पायावर तोल सांभाळून दुसरा पाय मागे सरळ उचलायचा, याला अरॅबेस्क म्हणतात. ती 'जिझेल'मधली जिझेल करते, 'स्लीपिंग ब्यूटी'तली ऑरोरा करते, 'स्वान लेक'मधली ओडेटही करते. मग यातली कुठली कोण, हे ओळखायचं कशावरून?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचा तासभर तुम्हाला ते तपासून पाहता येईल. बॅलेतलं पाऊल पहिल्यांदा येतं तेव्हा फारसं काही बोलत नाही. ते पुन्हा येतं तेव्हा बोलतं. आधी ते कसं होतं आणि आता त्याचं काय झालंय, या फरकात पात्र घडतं आणि गोष्ट पुढे सरकते.

नाचानं गोष्ट सांगावी या कल्पनेची मुळं अठराव्या शतकात आहेत. तेव्हाच्या पॅरिस ऑपेरात नर्तक चक्क मुखवटे घालून नाचत. नाच देखणा असे, पण तो ऑपेराच्या मधे येणारा थाट होता. त्यानं गोष्ट सांगावी अशी कुणाची अपेक्षा नव्हती. लंडनमध्ये जॉन वीव्हरनं १७१७ साली मार्स आणि व्हीनस या रोमन देवतांच्या प्रेमाची कथा नुसत्या हालचालींतून सांगण्याचा प्रयोग केला. पुढे १७६० मध्ये झाँ-जॉर्ज नोव्हेर या नृत्यरचनाकारानं पत्रांच्या रूपात एक पुस्तकच लिहिलं. मुखवटे फेका, अवजड पोशाख उतरवा, निसर्गाकडे आणि माणसाच्या भावनांकडे पाहा, नाचाला कथानक द्या, असं त्याचं सांगणं होतं. आज जगभर २९ एप्रिलला नृत्यदिन पाळतात, तो या नोव्हेरचा जन्मदिवस.

नोव्हेरच्या मागणीतून पुढल्या शतकात जे स्थिर झालं, त्याची घडण मराठी माणसाला लगेच कळेल, कारण ती आपल्या संगीत नाटकासारखी आहे. गद्यानं गोष्ट पुढे न्यायची आणि पदानं एका जागी थांबून भावना आळवायची. बॅलेत गद्याचं काम मूकाभिनय करतो आणि पदाचं काम नृत्य. या मूकाभिनयाच्या खुणा ठरलेल्या आहेत. दोन्ही हात हृदयावर ठेवले की प्रेम. डाव्या हाताच्या अनामिकेकडे बोट दाखवलं की लग्न. दोन बोटं उंच धरली की शपथ. चेहऱ्याभोवती हात फिरवला की सुंदर, डोक्यावर हातांभोवती हात फिरवले की नाच. मुठी वळून मनगटं समोर एकमेकांवर आडवी टाकली की मृत्यू. १८९० च्या 'स्लीपिंग ब्यूटी'त बारशाला न बोलावलेली कॅराबॉस ही दुष्ट परी येऊन शाप देते तो सगळा या खुणांमध्ये. पोर मोठी होईल, देखणी होईल, बोटाला काहीतरी टोचेल आणि मरेल. त्यावर लायलॅक परीचा उतारा: मरणार नाही, झोपेल. सेंट पीटर्सबर्गच्या त्या पहिल्या प्रयोगात कॅराबॉसचं काम एन्रिको चेकेत्ती या इटालियन नर्तकानं केलं, आणि त्याच रात्री तिसऱ्या अंकात निळा पक्षी होऊन हवेत पायावर पाय आपटत उड्याही त्यानंच मारल्या. गद्य आणि पद, दोन्ही एकाच माणसाच्या अंगात होतं.

पण या गद्याची धाव तोकडी आहे. बॅलेत सासू नसते, अशा अर्थाचं नृत्यरचनाकार जॉर्ज बॅलन्शिनचं एक बोलणं प्रसिद्ध आहे. आपल्या टीव्ही मालिकांचं मग अवघडच झालं असतं! पण मुद्दा पक्का आहे. रंगमंचावर एक बाई आली, ती वयस्क आहे, तिरसट आहे, दुसऱ्या बाईवर खार खाऊन आहे, इतकं हालचालीतून कळेल. ती तिच्या नवऱ्याची आई आहे, हे कुठल्याच पावलातून कळणार नाही. नातं सांगता येत नाही, नाव सांगता येत नाही, 'गेल्या वर्षी' म्हणता येत नाही. जे चाललंय ते आत्ता आणि इथं. भूतकाळ नसलेल्या भाषेत गोष्ट सांगायची कशी? कारण गोष्ट म्हटली की आधी असं होतं आणि मग तसं झालं, हे आलंच.

इथं 'जिझेल' उपयोगी पडते. २८ जून १८४१ रोजी पॅरिस ऑपेरात ती पहिल्यांदा रंगमंचावर आली. कथेची कल्पना कवी तेओफिल गोतिएची, त्याला सूत्र मिळालं हाइन्रिख हाइनेच्या लेखनात. लग्नाआधी मेलेल्या मुली रात्री जंगलात भुतं होऊन नाचतात आणि हाती लागलेल्या पुरुषाला मरेपर्यंत नाचवतात, अशी ती दंतकथा. या भुतांना विली म्हणतात. गोतिएच्या जोडीला व्हेर्नुआ द सँ-जॉर्ज हा मुरलेला संहितालेखक होता. संगीत आदोल्फ आदामचं, नृत्यरचना झाँ कोराली आणि झ्यूल पेरो यांची, आणि जिझेल झाली होती कार्लोत्ता ग्रीझी. पुढे पॅरिसनं ती बाजूला टाकली, रशियानं जपली. आज आपण पाहतो ती बरीचशी तिथला नृत्यरचनाकार मारियुस पेतिपाच्या हातून गेलेली जिझेल.

गोष्ट चार ओळींची. आल्ब्रेख्त हा सरदार खेडुताचं सोंग घेऊन जिझेल या खेड्यातल्या मुलीच्या प्रेमात पडतो, किंवा पडल्यासारखं करतो. त्याचं लग्न आधीच एका उमराव घराण्यातल्या मुलीशी ठरलेलं आहे. जिझेलवर जीव असलेला हिलारियन त्याची तलवार शोधून काढतो आणि सोंग उघडं पडतं. जिझेलला वेड लागतं आणि ती मरते. दुसऱ्या अंकात ती विली झाली आहे, आणि तिच्या थडग्यावर आलेल्या आल्ब्रेख्तला ती वाचवते.

आता पहिल्या अंकातले दोन-तीन क्षण जवळून पाहू. आल्ब्रेख्त दार वाजवून लपतो. जिझेल बाहेर येते, इकडेतिकडे पाहते, कुणी नाही, आणि नाचायलाच लागते. इथं एक मेख आहे. बहुतेक बॅलेत पात्रं नाचतात ती बॅलेत आहेत म्हणून. जिझेल नाचते ती तिला नाचाचं वेड आहे म्हणून. आणि तिची आई तिला सारखी रागावते, कारण पोरीचं हृदय दुबळं आहे. म्हणजे नाच हा इथं दागिना उरत नाही, तो तिचा स्वभाव आहे आणि तिचा धोकाही. मग बाकावरचा प्रसंग. ती बसते आणि झगा पसरते, इतका की त्याला बसायला जागाच उरत नाही. तो जागा मागतो, ती हळूच झगा आवरते, तो बसतो, ती सरकते. यात एकही अवघड पाऊल नाही. पण ती मुलगी किती लाजरी आणि तो पुरुष किती सराईत, हे शेवटच्या रांगेतूनही दिसतं.

मग तो शपथ घ्यायला हात उंचावतो. ती तो खाली करायला लावते, तिला शपथेची भीती वाटते. त्याऐवजी ती एक फूल खुडते आणि पाकळ्या तोडत जाते: प्रेम आहे, नाही, आहे, नाही. उत्तर 'नाही' येणार हे तिला आधीच दिसतं आणि ती फूल टाकून देते. आल्ब्रेख्त ते उचलतो, तिच्या नकळत एक पाकळी काढतो आणि उत्तर 'आहे' करून दाखवतो. त्याचा सगळा खोटेपणा त्या एका पाकळीत आहे, आणि तरी तो त्या क्षणी वाईट माणूस वाटत नाही. त्यानंतर दोघं एकमेकांच्या हातात हात गुंतवून झुलत्या, हलक्या उड्या घेत रंगमंच ओलांडतात. बॅलेच्या हिशेबात ही पावलं काही थोर नव्हेत. चांगल्या वर्गातली मुलगी ती सहज करील. पाहणाऱ्याला वाटतं, छान आहे, पुढे काय?

पुढे सोंग उघडं पडतं, आणि तिचं भान सुटतं. आता नीट पाहा. या वेडाच्या प्रसंगात नवीन पावलं जवळजवळ नाहीतच. केस मोकळे सुटलेली ती मुलगी जमिनीवरचं नसलेलं फूल उचलते आणि नसलेल्या पाकळ्या तोडते. आदामच्या वाद्यवृंदात मघाचीच सुरावट येते, पण विरलेली. मग ती त्या झुलत्या उड्या पुन्हा घ्यायला लागते. एक हात कोपरात असा वळवलेला, की शेजारी कुणाचा तरी हात त्यात आहे. पाय ताल चुकतात, उडी अर्ध्यावर सुटते, पुढलं पाऊल मागल्यावर पडतं. मघाशी जे आनंदात आपसूक होत होतं, ते आता आठवून आठवून करावं लागतंय. रंगमंचावर एकही माणूस तिच्याविषयी काही बोलत नाही, तरी तिच्या डोक्यात काय चाललंय ते आपल्याला कळतं, कारण ती पावलं आपल्यालाही आठवत असतात. तिच्या हाती तलवार लागते, ती टोकाकडून धरून ती फरफटत नेते. ती हृदय थांबून मेली की तलवारीनं, यावर परंपरांमध्ये एकमत नाही. पण तिचं मोडणं त्याच्या आधीच, त्या अर्ध्या उडीत पूर्ण झालेलं असतं.

भूतकाळ नसलेल्या भाषेत भूतकाळ असा आणला गेला. बॅलेला 'पूर्वी' म्हणता येत नाही. पण पूर्वीचं पाऊल आणून ते मोडता येतं.

दुसऱ्या अंकात तीच युक्ती उलटी चालते. विलींची राणी मिर्था जिझेलला थडग्यातून उठवते, आणि जिझेल पहिल्यांदा काय करते, तर एका पायावर गरगर फिरते. इतका वेग पहिल्या अंकात तिच्याकडे नव्हता. दुबळ्या हृदयाची अडचण संपली, कारण हृदयच संपलं. आता उडी वर जाते आणि खाली आल्यासारखी वाटतच नाही, पाठ किंचित पुढे झुकलेली, हात खाली सैल. आल्ब्रेख्त तिला उचलतो, पण खरं कसब असं, की तो उचलतोय असं वाटू नये. ती निसटत चाललीय आणि तो तिला धरून ठेवतोय, असं वाटावं. आणि तो स्वतः? मिर्थाच्या हुकमानं त्याला दमून मरेपर्यंत नाचायचं आहे. तेव्हा नर्तक उभ्या उडीत पायांची अदलाबदल करणारे आंत्रशा एकामागून एक काढत राहतो, किंवा मिर्थाच्या दिशेनं तिरक्या रेषेत पाय आपटत उडत जातो. प्रेक्षागृहात टाळ्या पडतात. पण हे विक्रम दाखवणं नाही, ही शिक्षा आहे. असल्याच उड्या 'स्लीपिंग ब्यूटी'च्या शेवटी लग्नाच्या मेजवानीत उत्सव असतात. उड्यांच्या जातीत फरक नाही. त्यांच्या आधी काय झालं, यावर अर्थ ठरतो.

इथं एक छोटं वळण घेतो, कारण ते आपल्या अंगणातून जातं. 'जिझेल' लिहिण्याच्या तीन वर्षं आधी, १८३८ साली, पाँडिचेरीजवळून गेलेला देवदासींचा एक लहान ताफा पॅरिसमध्ये नाचला होता. गोतिएनं तो पाहिला आणि त्यांतल्या अम्मणी या नर्तकीवर तो भाळूनच गेला. त्याच गोतिएनं १८५८ मध्ये पॅरिस ऑपेरासाठी कालिदासाच्या शाकुंतलावरून बॅलेची संहिता लिहिली. पुण्यात किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' उभं राहिलं ते १८८० मध्ये. त्याच्या बावीस वर्षं आधी पॅरिसमध्ये शकुंतला नाचून गेली होती. आता विचार करा, त्या गोष्टीत बॅलेला सोयीचं काय आहे? दुष्यंताला आठवण यायला एक अंगठी लागते. हातात धरून दाखवता येईल अशी खूण! कालिदासाच्या हातात शब्द होते, तरी त्यानं आठवणीला वस्तूचं रूप दिलं. बॅलेला तर अशी खूण सापडल्याशिवाय गत्यंतरच नसतं. जिझेलचं फूल, पुढे भेटेल ते ओनेगिनचं पत्र, आणि काहीच नसेल तर पाऊल.

पेतिपाचं 'ला बायादेर' १८७७ चं. त्यात देवळातली नर्तकी निकिया आहे, योद्धा सोलोर आहे, राजकन्या आहे, सापाचा दंश आहे, हिंदुस्थान मात्र पोशाखापुरता आहे. पहिले अंक पाहताना आपल्याला हसू आवरत नाही. पण निकिया मेल्यावर सोलोर अफूच्या गुंगीत तिच्या सावल्या पाहतो, तो प्रसंग वेगळाच आहे. शुभ्र पोशाखातली एक मुलगी उतरणीवर येते, अरॅबेस्क करते, मागे रेलते, दोन पावलं टाकते, पुन्हा अरॅबेस्क. तिच्यामागे दुसरी, मग तिसरी. सगळ्या तेच करतात, आणि मंच भरेपर्यंत तेच चालतं. जिझेलमध्ये पाऊल परत आलं ते मोडून. इथं ते जराही न बदलता परत येतं, आणि त्या न बदलण्यातच माणसाचं दुःख कळतं: डोळे मिटले की तीच, पुन्हा तीच. हिंदुस्थानचा देखावा बाजूला ठेवल्यावर पेतिपाला जे साधलं, ते देखाव्यानं साधलं नव्हतं.

आता 'स्वान लेक', कारण बॅले म्हटलं की लोक हंसाचंच नाव घेतात. मॉस्कोतला १८७७ चा पहिला प्रयोग काही टिकला नाही. आज आपण ओळखतो ती आवृत्ती सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की नाट्यगृहातली, १८९५ ची. राजवाड्यातले प्रसंग पेतिपाचे, तळ्याकाठचे लेव इवानोव्हचे. जादूनं हंस झालेली ओडेट आणि तिचं रूप घेऊन येणारी ओडिल, या दोन्ही भूमिका पिएरिना लेन्यानी या एकाच नर्तकीनं केल्या.

तळ्याकाठी ओडेट राजपुत्राला आपली हकिगत सांगते ती मूकाभिनयात: हे तळं माझ्या आईच्या आसवांचं आहे, दुष्ट जादूगारानं मला हंस केलं, ज्यानं कधी कुणावर प्रेम केलं नाही त्यानं माझ्यावर केलं आणि शपथ घेतली, तरच मी सुटेन. सोव्हिएत काळातल्या आवृत्त्यांनी हे खुणांचं गद्य काढून टाकलं आणि त्या जागी नृत्य घातलं. लंडनमध्ये ते टिकलं, कारण क्रांतीनंतर रशिया सोडताना निकोलाय सर्गेयेव्हनं जुन्या रचनांच्या लिखित नोंदी सोबत नेल्या होत्या आणि १९३४ मध्ये त्यांवरून तिथं हा बॅले बसवला गेला. मला विचाराल तर खुणा ठेवाव्यात. आईच्या आसवांचं तळं कुठलीही अरॅबेस्क सांगू शकत नाही. आणि ती अट आधी कळली नाही, तर पुढे राजपुत्राची दोन बोटं वर जातात तेव्हा काळजात धस्स होत नाही.

पण ओडेट कोण आहे, हे त्या हकिगतीतून कळत नाही. ते कळतं त्यानंतरच्या संथ द्वंद्वनृत्यात, व्हायोलिन आणि चेलोच्या संवादावर. ती मागे रेलते, तो धरतो, ती सावरून दूर होते. प्रत्येक वेळी रेलणं थोडं लांबतं. हात पंखासारखे मागे जातात, आणि मग दोन्ही बाजूंनी स्वतःलाच मिटून घेतात. शेवटाकडे ती एका पायाच्या टोकावर उभी राहून दुसरं पाऊल घोट्याशी इतकं बारीक आणि जलद थरथरवते, की तिथं भीती आहे की ओढ, हे सांगता येऊ नये.

पुढच्या अंकात दरबारात ओडिल येते. चेहरा तोच, शरीर तेच. तिच्या अरॅबेस्कला भिडस्तपणा नाही. मान ताठ, नजर थेट, हात धारदार. आणि राजपुत्राला जराशी शंका आली की ती एकदम ओडेटचे पंख करून दाखवते. तेच हात, तेच मिटणं, फक्त दोन क्षण. मागे खिडकीत खरी ओडेट तडफडत असते. ओडेटला जे आपोआप होत होतं, ते ओडिल मुद्दाम करते. पाऊल उधार घेतलेलं आहे, हे राजपुत्राला दिसत नाही, आपल्याला दिसतं. नंतर ती एका पायावर सलग बत्तीस फेऱ्या घेते, ज्या पाहायला लोक तिकीट काढतात. लेन्यानीनं त्या तिथं आणल्या त्या कसब म्हणून. पण त्या जागी त्या बसल्या, कारण त्यांनी राजपुत्राला विचार करायला उसंतच ठेवली नाही. बत्तीस संपतात, आणि तो शपथ घेतो.

विसाव्या शतकात काहींनी त्या सामाईक पुंजीलाच हात घातला. मिखाइल फोकीनच्या 'पेत्रुश्का'त (पॅरिस, १९११, संगीत स्ट्राविन्स्कीचं) जत्रेतल्या तीन बाहुल्यांना जीव येतो. पेत्रुश्का दुबळा, झिडकारलेला. त्याचा प्रतिस्पर्धी मूर धष्टपुष्ट आणि आत्मसंतुष्ट. फोकीननं मूरला पाय बाहेर वळवून उभा केला आणि पेत्रुश्काचे गुडघे, चवडे, हात, सगळं आत वळवलं. बॅले शिकणाऱ्या पोराला पहिल्या दिवसापासून पाय बाहेर वळवायला शिकवतात. त्यामुळे पेत्रुश्का झालेल्या निजिन्स्कीचे आत वळलेले चवडे पाहताच प्रेक्षकाला कळतं, की हा जगाला तोंड देऊ शकत नाही. नियम इतका अंगवळणी पडलेला होता, म्हणूनच तो मोडणं हेच पात्र झालं.

शेवटचं उदाहरण ज्युलिएटचं. प्रोकोफिएव्हच्या संगीतावर लेओनिद लाव्रोव्हस्कीनं १९४० मध्ये लेनिनग्राडला 'रोमिओ आणि ज्युलिएट' बसवला, गालिना उलानोव्हाला घेऊन. आईबापांनी पॅरिस नावाच्या उमरावाशी लग्न ठरवलंय, ज्युलिएटला निर्णय घ्यायचा आहे. लाव्रोव्हस्कीची ज्युलिएट झगा मागे उडवत मंचभर धावत पाद्र्याकडे जाते. १९५६ मध्ये मॉस्कोचा बोल्शोई बॅले लंडनला आला तेव्हा उलानोव्हा सेहेचाळीस वर्षांची होती, आणि त्या धावण्याची चर्चा अजून थांबलेली नाही. नऊ वर्षांनी, १९६५ मध्ये, केनेथ मॅकमिलननं लंडनमध्ये आपली आवृत्ती केली. रचना घडली लिन सीमोरच्या अंगावर, पहिल्या रात्री नाचली मार्गो फॉन्टेन. त्याच टप्प्यावर मॅकमिलनची ज्युलिएट पलंगाच्या कडेला बसून राहते. समोर पाहते, हलत नाही. संगीत उसळून येतं आणि ती तशीच बसलेली. तोवर ती इतकी धावलेली, झेपावलेली आपण पाहिलेली असते, की तिचं न हलणं हाच निर्णय वाटतो. धावणं खरं की बसणं? दोन्ही. कारण दोघींनी आपापल्या आधीच्या पावलांचा हिशेब चुकता केलाय.

आणि मग थडग्यातला प्रसंग. ज्युलिएट मेली समजून मॅकमिलनचा रोमिओ तिला उचलतो आणि तिच्याशी नाचू पाहतो. सज्ज्याखालच्या त्या रात्री ज्या झेपा होत्या, त्याच. तेव्हा ती स्वतः उसळी घेत होती. उचलणाऱ्याला अर्धं बळ उचलली जाणारी देते, हे कुठलाही नर्तक सांगेल. आता ती काहीच देत नाही. मान लोंबते, पाय फरफटतात, हात घसरून पडतो. पावलं दोघांची होती, आता त्यांतलं एकच माणूस ती करतंय. मृत्यूची मनगटांची खूण इथं कुणी करत नाही, आणि तिची गरजही नाही. त्याच वर्षी श्टुटगार्टमध्ये जॉन क्रँकोनं 'ओनेगिन' केला. त्यात ओनेगिन तात्यानाचं पत्र तिच्यासमोर फाडतो, आणि शेवटी ती त्याचं पत्र त्याच्यासमोर फाडते. पत्रात काय लिहिलं होतं ते आपण वाचलेलं नाही, तरी सगळं समजतं.

यावर एक आक्षेप येतो, तो योग्य आहे. बॅलन्शिननं १९३४ च्या 'सेरेनेड'पासून कथानक नसलेल्या बॅलेची मोठी परंपरा उभी केली. बॅले गोष्टीविना जगू शकतो, असं त्यातून दिसलं. मग गोष्टीचा एवढा अट्टहास का? पण त्याचंच म्हणणं होतं, की एक पुरुष आणि एक मुलगी मंचावर उभी केली की गोष्ट सुरू झालीच. आणि 'सेरेनेड'मध्येही एखादी मुलगी उशिरा येते, एखादी पडते, मघाचा हात पुन्हा वर जातो, तेव्हा आपण विचारायला लागतोच, हिचं काय झालं? माझा दावा मोठा नाही. नावं, नाती, कुळं बॅले कार्यक्रमपत्रिकेवर सोपवतो, आणि ते ठीकच आहे. दशावतारातला रावण कोण, हे तरी आपल्याला रंगमंचावर कुठे कुणी समजावतं? ते ठाऊक असतं. जे ठाऊक असत नाही, म्हणजे या माणसाचं आत काय झालं, ते मात्र पावलानंच सांगावं लागतं.

म्हणून या कलेत अर्धं काम प्रेक्षकाकडे आहे. नर्तकी पाऊल परत आणील, पण ते परत आलंय हे ओळखायचं तुम्ही. तुमच्या लक्षात पहिलं पाऊल नसेल तर तिचं वेड हे नुसतं केस मोकळे सोडून धडपडणं होईल, आणि आल्ब्रेख्तच्या उड्या नुसती कसरत. आपल्याकडे पाश्चात्त्य बॅलेचे प्रयोग क्वचितच येतात. आता चित्रफितींवर आणि चित्रपटगृहातल्या प्रक्षेपणांवर पुष्कळ पाहायला मिळतं, आणि तिथं एक मोह होतो: बत्तीस फेऱ्या तेवढ्या शोधून पाहायच्या, वेडाचा प्रसंग तेवढा पाहायचा. तसं पाहून तंत्र दिसेल. माणूस दिसणार नाही, कारण त्याच्या दुःखाची तयारी तासभर आधी, एका बाकावर, झगा सरकवण्यात झालेली असते.

तेव्हा माझी विनंती अगदी व्यावहारिक आहे, आणि ती बॅलेपुरती नाही. कथक असो, लावणी असो, नाटक असो, पहिल्या अंकात फारसं काही घडत नाही असं समजून उशिरा येऊ नका. तिसऱ्या घंटेच्या आत खुर्चीत बसा.